धुणं

दार लाव, बोर्बाला. लाल दिवा तेवढा राहू दे.
मासा तासभर अंधारात होता,
त्याच्या डोळ्याला उजेड विसरायला तेवढा वेळ पुरतो.
आपल्याला जास्त लागतो.

बाहेर तिसा नदीवर धुकं उतरलं असेल,
सेगेडच्या ट्राम घंटा वाजवत त्यात शिरत असतील.
इथं त्यातलं काही येत नाही.
इथं एक पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून हळवा,
आणि पपईचा चीक,
पेशीला पेशीपासून सोडवायला.
घाई केलीस तर हाती नुसता लगदा.

आता वाक. ती बघ, एक सुटून आलीय.
वर डोकं, मधे दोऱ्याएवढी मान,
आणि खाली, टोकाला, गोळा.
तो तिचं तोंड.
ज्यांच्याशी बोलायची त्या शेजारणी मघाशीच तुटल्या,
तरी बोलेल. ऐकायला कुणी नसलं तरी बोलेल.
मी रात्रपाळीत बोलते तशी. हसू नकोस.

हा रंग. बाटलीत नारिंगी,
पाण्यात विरला की आंधळा.
पेशीच्या कातडीला टेकला
की मगच पेटतो.
आमच्या घरी निळीचं जवळपास असंच असायचं.
वडील निळारी होते. कापड हौदातून वर यायचं
ते हिरवट-पिवळं, कावीळ झाल्यासारखं,
आणि वाऱ्याला धरलं की
डोळ्यांदेखत निळं.
मी रोज बघायचे. रोज तोंड उघडं राहायचं.

पोटॅशियम सोड. थोडंच.
तिला वाटतं, कुठेतरी उजेड पडला.
आतल्या पिशव्या कडेला येतात,
उघडतात, निरोप सांडतात,
रिकाम्या होऊन परत आत वळतात,
आणि वळताना
रंगाचा एकेक घोट घेऊन जातात.
त्यांना कळतही नाही.

आता धू.
वाहतं खारं पाणी, सावकाश, वीस मिनिटं.
घड्याळाकडे बघू नकोस, मी बघते.
तुझ्याआधी गेल्लेर्ट होता. हुशार, आणि उतावळा.
बाराव्या मिनिटाला थांबला.
अख्खी पेशी झगमगत होती!
रात्री दोनला त्यानं प्राध्यापकांना उठवलं.
ती झगमग नुसती वरची, चिकटलेली,
आतलं तिच्यात काही दिसतच नव्हतं.
चार महिन्यांच्या नोंदी गेल्या, आणि नंतर तोही गेला.
वडील म्हणायचे, रंग चढवायला
एक उन्हाळा पुरतो, पोरी.
धुवायला शिकता शिकता माणूस म्हातारा होतो.

झालं. बघ आता.
कड काळी पडलीय. आत गोळ्यात ठिपके,
खेड्यात रात्री उशिरापर्यंत जाग्या घरांसारखे.
तेच खरे. तेवढेच तिचे.

पुन्हा एक थेंब.
डोळा हलवू नकोस, श्वासही जरा धर.
विझतायत ना?
पिशवी उघडली, निरोप गेला, मागोमाग रंग गेला.
नवी माणसं इथं गडबडतात, त्यांना वाटतं
काहीतरी बिघडलं.
आपण उजेड मोजत नाही, बोर्बाला,
गेलेला उजेड मोजतो.
जेवढी मंदावली, तेवढी बोलली.

वडील गेले तेव्हा त्यांची नखं निळीच होती.
आईनं घासली, मग मी घासली, व्हिनेगर लावून,
पहाटेपर्यंत.
निघाली नाहीत.
धुण्याबद्दल एवढं बोलणारा माणूस.

तिसरा थेंब नको, दमलीय ती.
लिही: मासा सतरावा, डावा डोळा,
एकशे दहा सेकंदांत निम्मा उजेड.
सात आकडा नीट काढ, मागच्या वेळी एक वाटला.
आणि पाणी चालू ठेव.
उजवा डोळा अजून
बर्फावर आहे.